बोटीसाठी राखून ठेवलेला फवारा

मी डास पळवणारा फवारा बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मी अजून धक्क्यातून सावरलेलो नाही. बाटलीला कसला आलाय धक्का, असं म्हणाल. म्हणा बापडे. पण मी जे पाहिलं ते तुम्ही पाहिलं असतंत, तर तुमचीही बोबडी वळली असती.

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावर आम्ही सगळे एका मापाचे, एका वासाचे. पोटात औषध भरलं, डोक्यावर हिरवं टोपण बसवलं, टोपणाभोवती सील चिकटवलं आणि पाठीवर बारीक अक्षरांत सूचना छापल्या. त्या सूचना कोणी वाचत नाही. लोक टोपण काढतात, फुस्स करतात आणि मोकळे होतात.

म्हणून औषधाच्या दुकानात ज्या बाईंनी मला हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, त्यांच्यावर मी एकदम खूश झालो. या बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते, आणि नवराही बाईच म्हणतो. नवरा बस डेपोत वेळापत्रकाचं काम करायचा. जन्मात बोटीवर पाय ठेवला नव्हता, पण बोटींचं वेड इतकं की सगळे त्याला कॅप्टन म्हणत. निवृत्तीनंतर एकदाच मोठ्या बोटीतून उष्ण समुद्रातली बेटं बघायची, हे त्याचं एकमेव स्वप्न. त्याची तिकिटं काढून झाली होती. बाई, कॅप्टन आणि त्यांची लेक. लेक चांगली तिशीची, नोकरी करणारी, लग्न झालेली, पण घरात अजून पिलूच.

मग पिलूला दिवस गेले.

आनंदीआनंद झाला, पण डॉक्टरांनी बोटीचं नाव ऐकलं आणि मान हलवली. त्या बेटांवर डासांपासून एक आजार पसरतो, तो पोटातल्या बाळाला इजा करतो, हिला नेऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. पिलूचं तिकीट रद्द झालं. ती दोन दिवस रुसली. जावई कामासाठी परगावी होता, म्हणून ती आईकडेच राहायला आली.

"तू आपली इथेच राहा," बाई तिला म्हणाल्या. "झाडांकडे बघ, आराम कर. इथे कसली भीती नाही."

मी तेव्हा बॅगेत होतो. महिनाभर आधीपासून ती बॅग बाहेरच्या खोलीत, बाल्कनीच्या दाराशी उघडी पसरलेली. माझ्या शेजारी लांब बाह्यांचे फिके सदरे, पायमोजे, मच्छरदाणी. बाईंची तयारी म्हणजे तयारी. परक्या मुलखातल्या डासाने नुसतं वळून बघायचीही सोय त्यांनी ठेवली नव्हती.

एका सकाळी पिलू पाय खाजवत आली. "आई, फार चावतंय गं काहीतरी. तो फवारा दे ना जरा."

"तो बोटीचा आहे. सील फोडायचं नाही. प्रवासाचं सामान प्रवासातच उघडायचं. तू कॉइल लाव."

"कॉइलच्या वासाने मला मळमळतं."

"मग पंखा मोठा कर."

मी बॅगेत नुसता तळमळलो. अहो, मला बोटीसाठी नाही बनवलं, अंगासाठी बनवलंय. पण बाटलीचं कोण ऐकतं?

आता बाल्कनीचं सांगतो. बाईंची तिथे वीसेक कुंड्यांची बाग. आपण गेल्यावर पिलूने बादल्या उचलू नयेत म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. मधोमध पाण्याने भरलेला मोठा टब ठेवला. जुन्या सुती चादरीच्या पट्ट्या फाडल्या. एक टोक टबात, दुसरं कुंडीच्या मातीत. कापड पाणी ओढतं, झाडाला हवं तेवढं मिळतं. आणि विज्ञानाच्याच बाई त्या, आधी चाचणी नको? टबाच्या आतल्या बाजूला नेलपॉलिशने रेघ मारली आणि पाणी किती दिवस पुरतं ते बघायला सुरुवात केली.

"आपण परतायच्या आधीच पाणी संपणार असेल, तर मी येणार नाही," त्यांनी कॅप्टनला बजावलं. "झाडं मारून मला फिरायला जायचं नाही."

कॅप्टनने खिशातली तिकिटं काढून चाचपली. ते मला दिसलं. आणि दुसऱ्या दिवसापासून तो जे करायचा तेही दिसलं. बाई आंघोळीला गेल्या की हा मांजराच्या पावलांनी तांब्या घेऊन बाल्कनीत. पाणी रेघेपर्यंत भरायचं आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसायचं. ताकास तूर लागू दिली नाही.

"कमाल आहे," बाई रोज रेघ बघून म्हणायच्या. "उतरतच नाही. अजून थोडे दिवस बघते."

असे आठवड्यांवर आठवडे गेले. टब एकदाही रिकामा झाला नाही, घासला गेला नाही. पट्ट्यांच्या आडोशाला पाणी हलत नव्हतं. बाई लांबूनच रेघ बघत, खाली वाकून कधी बघितलंच नाही. त्याच सुमारास तळमजल्यावरचा शिंपी तापाने अंथरुणाला खिळला. बाईंनी त्याला डबा पाठवला, विचारपूस केली, आणि पुन्हा बेटांवरच्या डासांची माहिती वाचायला बसल्या. सकाळी मळमळायला लागलं की पिलू मोकळ्या हवेसाठी बाल्कनीत बसायची. अगदी टबाला खेटून. पाय उघडे टाकून.

बोट सुटायला चारच दिवस उरले आणि पिलू तापाने फणफणली. डोळ्यांमागे ठणका, अंगात कणकण, सांधे धरलेले. रक्त तपासलं. डेंग्यू.

"पण आम्ही अजून गेलोच नाही!" बाईंच्या तोंडून एवढंच निघालं. त्या दवाखान्यातून घरी येऊन हे पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, म्हणून मला कळलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुठे पाणी साठलंय का. बाईंनी जरा रागानेच सांगितलं होतं, माझ्या घरात नाही.

पिलूला दाखल केलं होतं. तिचे कपडे न्यायला बॅग हवी, म्हणून बाईंनी बोटीचं सगळं सामान जमिनीवर उपडं केलं. मी गडगडत बाल्कनीच्या दाराशी गेलो. मला उचलायला त्या वाकल्या. वाकल्यामुळे नजर टबात गेली. त्यांनी एक पट्टी बोटाने बाजूला सारली.

पाणी वळवळत होतं. अळ्याच अळ्या. डोकं खाली, शेपटी वर.

बाईंनी दुसरी पट्टी सारली, तिथेही तेच. चेहरा पांढराफटक. मला तर आत औषध गोठल्यासारखं झालं. ज्यांनी आयुष्यभर फळ्यावर अंडी, अळी, कोष, डास अशी चित्रं काढली, त्यांच्याच घरात, लेकीच्या पायाशी हे. मी हाताच्या अंतरावर होतो हो. सीलबंद.

"एवढे दिवस पाणी उतरलं कसं नाही?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

कॅप्टन मागे उभा होता. "मी भरत होतो," तो म्हणाला. "रोज. तू येणार नाही म्हणालीस, म्हणून."

मला वाटलं, आता भडका उडणार. नाही उडाला. बाई एवढंच म्हणाल्या, "आणि मी लांबूनच बघत होते." दोघांनी मिळून टब गच्चीवर नेला, तापलेल्या फरशीवर पाणी ओतलं, तारेच्या घासणीने टब आतून खरवडला. मग बाईंनी दातांनी माझं सील तोडलं.

दवाखान्यात मी पिलूच्या हातापायांवर उडालो. हिला डास चावला तर तो हा आजार पुढे शेजारच्या खाटेवर नेईल, असं नर्सने सांगितलं होतं. पिलूने डोळे किलकिले केले. "आई, हा बोटीचा ना गं?" बाई खिडकीकडे तोंड करून रडल्या.

पुढचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. रक्तातल्या प्लेटलेट्स खाली खाली गेल्या. हिरड्यांतून रक्त आलं. एका दुपारी डॉक्टर पोटावर यंत्र फिरवत राहिले, फिरवतच राहिले, आणि कशाचाच आवाज येईना. कॅप्टन भिंतीला टेकून उभा होता. त्याच दुपारी त्याची बोट सुटत होती, आणि त्याला त्याची आठवणही नव्हती. मग यंत्रातून बारीक, भराभर ठोके ऐकू आले. नर्सने हसून मान डोलावली. माझ्या जिवात जीव आला.

पिलू वाचली. बाळही आहे. आता मी तिच्या उशाशी असतो, तळाला थोडासा उरलोय, अजून आठवडाभर पुरेन. मला संपायचं दुःख नाही. माझं मागणं साधं आहे. दूर जाताना मला जरूर न्या, पण आज घरात पाय खाजत असतील तर मला आजच उघडा. आणि लांबून बघू नका, वाकून बघा.

कॅप्टन मात्र घरी आल्यापासून लेकीच्या खोलीत उंबऱ्याच्या आत यायचा नाही. औषधाच्या वेळा बाहेरूनच सांगायचा. काल पिलूने हाक मारून त्याला आत बोलावलं. तो आला, पण हात मागे बांधून उभा राहिला. तिने त्याचा हात ओढला आणि आपल्या पोटावर ठेवला. त्याने काढून घ्यायचा प्रयत्न केला. तिने सोडला नाही.

"थांबा ना बाबा. जरा थांबा."

तो थांबला. मग आतून काहीतरी हललं असावं, कारण म्हातारा एकदम दचकला, दुसराही हात पोटावर ठेवला, आणि लहान पोरासारखा हमसाहमशी रडायला लागला.