दुपारी बंद असलेलं मशीन

फ्रिज दुरुस्त करण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. कुठलं यंत्र किती वीज खातं हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं, म्हणून धाकट्या बहिणीने त्याचं नाव ‘मीटर’ पाडलं, आणि ते त्याला चिकटलं ते चिकटलंच.

वडील शिंपी. जन्मभर कापडाच्या धुळीत बसून फुप्फुसं कामातून गेली, तेव्हा डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घरी लावायला सांगितलं. जेवण-अंघोळ सोडली तर नळी नाकातून काढायची नाही, असं बजावलं. मशीन भाड्याने आलं, वडिलांच्या उशाशी दिवसरात्र घरघरू लागलं, आणि पहिल्याच महिन्याचं वीजबिल बघून बायकोने कपाळाला हात लावला.

मीटरने मात्र कंबर कसली. फ्रिजच्या दाराचं सैल पडलेलं रबर बदललं, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. जुने दिवे काढून एलईडी लावले. गिझरचं तापमान खाली आणलं. इस्त्री आठवड्यातून एकदाच, सगळ्या कपड्यांना मिळून. टीव्ही रिमोटने नाही, भिंतीवरच्या बटणाने बंद करायचा. संध्याकाळी सगळ्यांनी वडिलांच्याच खोलीत बसायचं, म्हणजे एक दिवा, एक पंखा. “ज्याचं काम नाही ते बंद,” हे तो इतक्यांदा म्हणायचा की एकदा बायको वैतागून म्हणाली, “उद्या श्वाससुद्धा पाळीपाळीने घ्यायला लावाल.” वडील यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तीन महिन्यांत बिल बऱ्यापैकी उतरलं. त्याने ते वडिलांना नेऊन दाखवलं.

“बघा बाबा. तुमचं मशीन चालू असूनसुद्धा.”

“हुशार आहेस,” वडील म्हणाले. कापडाचा पोत बघावा तसा त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला आणि बिल परत दिलं.

पुढच्याच आठवड्यात मशीन भाड्याने देणाऱ्या दुकानाचा माणूस फिल्टर बदलायला आला. मशीन किती तास चाललं याचा आकडा त्याच्या मागच्या बाजूला दिसतो. तो वाचून माणसाने जुनी नोंद काढून पाहिली.

“तुमच्याकडे वीज फार जाते का हो?”

“नाही. का?”

“रोजचे पाच-सहा तास तरी मशीन बंद दिसतंय.”

बिल कशाने उतरलं होतं हे मीटरला उभ्या उभ्याच कळलं. त्याने माणसाला दारापर्यंत पोचवलं. मग वडिलांच्या पलंगाच्या कडेला येऊन बसला.

“दुपारी मशीन बंद करता तुम्ही?”

वडिलांनी चादरीची दुमडलेली कड सरळ केली. “तुम्ही दोघं कामाला जाता. मी नुसता पडून असतो. पडलेल्या माणसाला हवा लागते तरी किती?”

“डॉक्टर काय म्हणाले होते, बाबा?”

“ते म्हणाले. तूही म्हणालास, ज्याचं काम नाही ते बंद.”

“मी दिव्यांबद्दल बोलत होतो.”

“हो रे. कळलं होतं मला.”

दुसऱ्या दिवसापासून बायको रोज अर्ध्या दिवसाची रजा घेऊ लागली, उरलेला वेळ तो आपलं दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून घरी थांबू लागला. मशीन एक मिनिट थांबलं नाही. पण वडिलांच्या पावलांना सूज आली होती, ओठ निळसर पडले होते. सहाव्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथेच, सकाळचा चहा यायच्या आधी, ते गेले.

त्याने डॉक्टरांना गाठलं. “त्या बंद तासांमुळे झालं का?”

“फुप्फुसं मुळातच थकली होती,” डॉक्टर म्हणाले. “फरक पडला असेल, नसेलही. नक्की नाही सांगता येणार.”

हे ‘नक्की नाही’ घेऊन तो घरी आला. जेवताना, रस्त्यावर, गिऱ्हाइकाच्या फ्रिजमागे वाकलेला असताना ते त्याच्याबरोबर असायचं. बायकोलाही त्याने ते बोलून दाखवलं नाही. चार दिवसांसाठी बहीण आली होती. ती परत निघायच्या दिवशी मात्र त्याने तिला सगळं सांगून टाकलं.

बहीण बॅग भरायची थांबली. 

“दुपारी ते मला फोन करायचे, दादा.”

“रोज?”

“रोज. घरघरीत ऐकू येत नाही म्हणायचे. मला वाटलं, तेवढा वेळ बंद ठेवायला डॉक्टरांनी सांगितलंय. मी विचारलंसुद्धा नाही.”

“काय बोलायचे?”

“कोटाची कॉलर शिकवत होते मला. मी तिकडे कापड घेऊन बसायचे, ते इकडून सांगायचे. लहानपणी शिकवली नाही, मुलीला कशाला म्हणून, त्याचं त्यांना वाईट वाटायचं.” तिने डोळे पुसले. “एक बाजू चांगली जमली. दुसरी बिघडली तर रागावले.”

“बाबा रागावले?”

“चांगलेच. दम लागला तरी बोलत राहिले.”

तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, “सांग अजून.” ती सांगत राहिली, गाडीची वेळ टळून गेली तरी दोघं उठले नाहीत. फोन चालायचा तास-दीड तास. उरलेले चार तास मशीन कशासाठी बंद असायचं हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याविषयी तिने काही काढलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.