मशीनचा पैरा

सयाजीच्या पडीवर गवत कापायला निघालेली माणसं त्या दिवशी ईरप्पाच्या दारावरून गुपचूप गेली. इळे काखेत, भाकरीची फडकी हातात, आणि दार आलं तसं बोलणं बंद. दरवर्षी शेजारचा कृष्णात उंबऱ्याशी थांबून हाक मारायचा, "ईराप्पा, चला की." त्या हाकेआधीच ईरप्पा पटका बांधून तयार असायचा. ह्या वर्षी कृष्णातनं नुसतं आत बघितलं, मान हलवली आणि पुढं झाला. शेवटच्या माणसाच्या चपला वळणापलीकडं वाजायच्या थांबल्या, तरी ईरप्पा गोठ्याच्या भिंतीला टेकून तसाच उभा होता. माणसांनी त्याच्या निकामी झालेल्या खांद्याची कीव केली होती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मलकापूरच्या वर डोंगराच्या अंगाला सगळ्या गावाच्या गवताच्या पडी आहेत. तांबडी, मुरमाड जमीन. पाऊस असतो तोवर हिरवीगार, आणि दिवाळी सरली की गवत छातीएवढं होऊन पिवळं पडतं. कुसळं धोतरातून, लुगड्यातून, कातडीतून आत शिरतात. ते वेळेत कापून, पेंढ्या बांधून गंजी घातली तर उन्हाळाभर म्हशी जगतात. उभं राहिलं तर फाल्गुनात कुठून तरी वणवा येतो आणि गोठ्यापर्यंत सगळं काळं करून जातो. एकट्या घराला ते काम उरकत नाही, म्हणून पैरा असतो. आज तू माझ्या पडीवर इळा धर, उद्या मी तुझ्या. त्यात कुणी कुणाला मजुरी देत नाही.

गेल्या साली कृष्णात आणि त्याची बायको ईरप्पाच्या पडीवर राबून गेले. ईरप्पा आणि त्याची बायको गौराबाई कृष्णातच्या पडीवर जायच्या आधीच ईरप्पा गंजीवरून पडला. उजवा खांदा असा गेला की हात कानापर्यंत येईना. गौराबाई त्याच्याबरोबर कोल्हापुरात दवाखान्यात अडकली. कृष्णातची पड कृष्णातनंच कशीबशी कापली, आणि वर्षभरात त्यानं त्यावर एक शब्द काढला नाही. तो गप्प होता, म्हणून तर ईरप्पाला त्या पैऱ्याची झोपेत सुद्धा आठवण यायची.

गवत कापायच्या मशीनचा विचार लेकीचा. शांभवी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासमध्ये मुलांना विज्ञान शिकवते. सुट्टीला आली तेव्हा तिनं विचारलं, ट्रॅक्टर घरात उभा आहे, स्टिअरिंग डाव्या हातानं फिरतंय, मग गवत ट्रॅक्टरनं का कापायचं नाही. दूध संस्थेचा फरक, वर्षभराच्या दुधावरचे जादाचे पैसे, दिवाळीआधी जमा झाला होता, तो कशाला तरी लागायचाच होता.  दोन दिवसांनी ईरप्पानं एवढंच विचारलं, की ते मशीन कृष्णातच्या पडीवर चढेल का.

शांभवी मोबाइल घेऊन दोन्ही पडींवर जाऊन आली. जमिनीवर फळी टाकून, फळीवर मोबाइल ठेवून तिनं उतार मोजला. कृष्णातची पड बरीच सपाट निघाली. घरची पड वरच्या अंगाला चढी होती, घळीच्या कडेला तर उभं राहायला सुद्धा नको वाटावं अशी. तिथं मशीन न्यायचं नाही हे तिनं तिथंच ठरवून टाकलं.

कोल्हापुरात दुकानदारानं तीन मशीनं दाखवली. पहिलं पत्र्याच्या घेराखाली पाती गरगर फिरणारं. दगड लागला तर पातं मागं सरतं, मोडत नाही, वेगही मोठा. दुसरं हातोड्यांसारख्या छोट्या पात्यांचं, ते गवताचा पार भुगा करून तिथंच पसरतं. बागायतदार लोक तेच नेतात, असं तो म्हणाला. तिसरं कोपऱ्यात उभं होतं. ट्रॅक्टरच्या बाजूला आडवी पडणारी लांब दातेरी पट्टी, न्हाव्याच्या मशीनसारखी पुढं-मागं सरकणारी. ते कुणी फारसं मागत नाही. दगड लागला की दात मोडतो.

शांभवीनं प्रत्येकाला ट्रॅक्टरची किती ताकद लागते ते विचारलं, मग कापलेलं गवत केवढं पडतं ते विचारलं. पहिल्या मशीनखालून बोटभर तुकडे निघायचे. त्याची पेंढी बांधणं म्हणजे शेवयांची मोळी बांधण्यासारखं. दातेरी पट्टीनं मात्र गवत बुडातून कापलं जाऊन आख्खंच्या आख्खं आडवं पडायचं.

ईरप्पा त्या पट्टीवरून बोट फिरवत होता. त्यानं विचारलं, "शेजाऱ्याच्या पडीत चालंल न्हवं?"

दुकानदार हसला. "पावणं, मशीन तुमाला घ्यायचंय का शेजाऱ्याला?"

"आमची म्हस शेजाऱ्याकडं जेवाय जाती," गौराबाई म्हणाली. दिवसभर दुकानात उभं राहून तिचे गुडघे भरून आले होते. "ह्यास्नी त्येचं इच्यारल्याबिगार चैन पडत न्हाय. द्या ती पट्टी बांधून."

दगडांचं कसं करायचं, हा प्रश्न राहिला होता. तो परतीच्या वाटेवर सुटला. एकानं पुढं काठीनं चाचपत जायचं आणि दगड लागला की त्याच्या भोवतालच्या गवताचे शेंडे एकत्र धरून गाठ मारायची. गाठ वरूनच दिसते. मशीननं ती सोडून जायचं.

आणि सयाजीच्या पडीवर पैरा चालू होता त्याच दिवशी, माणसं दारावरून गेल्यावर, ईरप्पानं ट्रॅक्टर बाहेर काढला. कृष्णातला विचारलं नाही. विचारलं तर तो नको म्हणणार हे त्याला ठाऊक होतं. पैरा फेडायला विचारायचं कशाला, असंही त्याला वाटलं.

दहिवर अजून गवतावर होतं. गौराबाई लुगडं खोचून पुढं, दर चार पावलांवर वाकून गाठी मारत. शांभवी पट्टीकडं डोळे लावून मागं, दाताला गवत अडकलं की हात वर करायची, ईरप्पा थांबायचा. ट्रॅक्टर उतारावर आडवा घ्यायचा नाही, वर-खालीच चालवायचा, हे तिनं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. प्रत्येक धक्क्याला खांद्यात सुई घुसायची. पण मागं वळून बघितलं की पिवळं गवत मुकाट्यानं आडवं होत गेलेलं दिसायचं, आणि त्याला ते वर्षभरानं पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कृष्णातची आख्खी पड भुईला टेकली होती. मधे मधे दगडांभोवतीचे तुरे तेवढे उभे.

घरी येऊन तो न जेवता आडवा झाला. आता कृष्णात येईल, एवढंच त्याच्या मनात होतं.

कृष्णात दिवेलागणीला आला. अंगावर कुसळं तशीच. पायरीवर बसला, गौराबाईनं ठेवलेल्या चहाला त्यानं हात लावला नाही. त्यानं अंगणातल्या मशीनकडं बघितलं.

"सयाजीच्या पडीवरनं आवाज ऐकला म्या," तो म्हणाला. "वाटलं, तुजंच कापतोयस."

"तुजा पैरा हुता," ईरप्पा म्हणाला.

"आमी दोघं नवरा-बायको आलतो तुज्याकडं. इळा घिऊन. तू माजी आख्खी पड झोपवलीस, एका सकाळी. आता ह्येचा पैरा मी कशानं फेडू? माज्या दारात ट्रॅक्टर हाय का?"

 ह्या बाजूनं ईरप्पानं विचारच केला नव्हता. वर्षभराचं ओझं उतरवायला गेला होता, आणि ते उचलून त्यानं कृष्णातच्या डोक्यावर ठेवलं होतं. शांभवी म्हणाली, काका, फेडायला सांगतंय कोण. त्यावर कृष्णात तिच्याकडं मायेनंच बघून म्हणाला, "न्हाय फेडलं तर मग त्यो पैरा कसला, पोरी? ती भीक झाली." आणि उठून गेला.

त्या रात्री घरात कुणी फारसं जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ईरप्पानं स्वतःच्या पडीवर मशीन लावलं. हातात जोर नव्हता आणि मनातही. सपाट भाग दुपारपर्यंत झाला. घळीच्या कडेचा चढ तसाच उभा राहिला, आणि दगडांभोवती एवढे तुरे की पड पिसं निम्मी उपटलेल्या कोंबडीगत दिसत होती. त्यानं डाव्या हातात इळा घेतला आणि एक तुरा कापून बघितला. निम्मं गवत मुठीतून निसटलं.

खालून कुणी तरी खोकलं. कृष्णात आणि त्याची बायको पडीच्या तळाशी उभी होती. दोघं सरळ घळीच्या कडेला गेली आणि तिथल्या गवताला लागली. इळ्यांचा खसाखस आवाज डोंगरावर ऐकू यायला लागला. ईरप्पा मागोमाग गेला. कापता येत नव्हतं, म्हणून गवताचा बंद पिळून पेंढ्या बांधायला बसला. एक टोक पायाच्या अंगठ्याखाली, दुसरं डाव्या हातात.

ऊन कललं तेव्हा कृष्णात पाणी प्यायला थांबला. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "रातभर ईच्यार केला म्या. मशीन मी धरत न्हाय. मशीन कुटं माणूस हाय? माणसाचं काम तेवढं धरायचं. तू आन वहिनी, सकाळभर. पोरगी तर पावणी, तिचं बी धरत न्हाय."

"मग?"

"मग काय. गेल्या सालचं तुजं देणं निम्मं बी फिटलं न्हाय. आन आमचं आजचं त्येच्यावर आनखी चढलं."

गौराबाईनं पदर तोंडाला लावला. ईरप्पा पेंढीकडं बघत बंद पिळत राहिला. तो बंद केव्हाच पिळून झाला होता.

सकाळी अंग ठणकत होतं. उठावंसं वाटत नव्हतं. मशीनवर ताडपत्री होती, तिच्यावर दहिवर साचलं होतं. वळणावर माणसांची चाहूल लागली, आणि ती दाराशी येऊन थांबली. कृष्णातनं हाक मारली,

"ईराप्पा, चला की. सयाजीचं राह्यलंय अजून. मशीन राहू दे घरात."

ईरप्पानं सवयीनं खुंटीवरच्या इळ्याला उजवा हात घातला. हात खांद्याएवढा गेला आणि तिथंच अडला. मग त्यानं डाव्या हातानं इळा काढला आणि बाहेर पडला.