सोडलेला सूर

"लाकडावर ठोकायचा, मंजुळाबाई, दगडावर नाही. मग कानाशी न्यायचा. श्वास भरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही..." सिस्टर लुचियांचं हे बोलणं कानात, आणि समोर देव्हाऱ्यात त्यांनी दिलेला सुराचा चिमटा – दोन पायांचा, पोलादी, ठोकला की एकच सूर देणारा, एका पायावर कुंकवाचा कण उडालेला. मंजुळानं फुलं वाहिली, हात जोडले. मन तेवढं जुळेना.

गाणं सोडून चार वर्षं झाली. कुणी काशीला जाऊन आवडती भाजी सोडतं. तिनं पोराच्या, ज्योतीरामच्या, तापात, मिशनच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून गळाच सोडला – मोरया, पोर राहू दे, मी पुन्हा गाणार नाही. पोर राहिलं. सिस्टरांच्या सुईनं, की माझ्या नवसानं... तिनं दोघांचंही ऋण मानलं. तेव्हापासून जात्यावरसुद्धा ती मुकीच.

आणि आता सिस्टरांनीच गाणं मागावं! त्यांच्या इटलीत म्हणे शेकडो वर्षांपूर्वी विणकर-कुंभार देवाची गाणी म्हणत रस्त्यानं जायचे, पाद्र्यांच्या जड भाषेत नव्हे, घरच्या बोलीत. त्या धाटणीवर सिस्टरांनी नवी चाल बांधली होती – शब्द मराठी, वाद्य एकही नाही, नुसते गळे. त्यात क्रुसावर मुलगा जाताना खाली उभ्या राहिलेल्या आईची ओळ एकटीनं म्हणायची. "त्या तापात, पहिल्या रात्री पोराला थोपटताना तुमचं गाणं ऐकलं होतं," सिस्टर म्हणाल्या, आणि मंजुळा 'येईन' म्हणून बसली. आज संध्याकाळी, दवाखान्यातच.

"काय गं, देवाला चिमटा काढतीस व्हय?" शेंगा सोलता सोलता सासूबाई, सोजराबाई, म्हणाल्या.

तिनं सगळं सांगून टाकलं. नवससुद्धा.

"आन् चातुर्मासात वांगं सोडतीस, ते कार्तिकात कसं खातीस?"

"आधी दान देते, आत्याबाई. मग खाते."

"मंग ह्याचं उद्यापन कुठं केलंस? चार वरसं देवाला ताटकळत ठिवलंस, खुळे! पयलं गाणं दुसऱ्याला दे. मंग गळा तुझा."

"द्यायचं कुणाला?"

"ज्याला न्हाई, त्याला."

ज्याला नाही... बाहेर ज्योतीराम गोट्यांवरून कुणाशी तरी तावातावानं भांडत होता – केवढा तो खणखणीत आवाज! – आणि त्या ओळीतली आई, जिचा राहिला नाही, ती एकदम कुणी परकी वाटेना. दारात पदर पसरून उभी असल्यासारखी वाटली. तिच्या ओळीची मला भीती वाटत होती. अपशकुन वाटत होता. आणि ती बिचारी मागायला आली होती... तिनं श्वास भरून घेतला. चार वर्षांत इतका खोल श्वास घेतल्याचं तिला आठवेना.

तिनं चिमटा रुमालात गुंडाळून कनवटीला लावला. गळा फुटेल की नुसती हवाच येईल, कुणास ठाऊक. देणाऱ्यानं ओंजळीत असेल ते द्यावं.

"येते, आत्याबाई," ती म्हणाली, आणि पवना नदीच्या कडेनं दवाखान्याची वाट चालू लागली.