एका पोरीसाठी

"झोळ्या ठेवा वं खाली!" माणिकबाई कपाशीच्या ओळीतूनच ओरडली. "आज वेचा बंद."

बायांचे हात थबकले. बांधावरून पुंजाराम धावत आला. शेत त्याचं. कापूस बोंडातून लोंबत होता आणि आभाळ सकाळपासून भरून आलं होतं.

"काय झालं माणिकबाई? एक सर आली तं मातेरं होईन कापसाचं!"

"होऊ दे. आज नर्सबाई उपकेंद्रात बसते. लेकरं टोचाची हायेत."

"मंग उद्या टोचा ना!"

"उद्या ते येत नाई. अन् ते येते त्या दिवशी आमी तुह्या वावरात असतो. कधी टोचाचं, भाऊ? मेल्यावर?"

 मागे उभ्या असलेल्या कौशल्येकडे पाहायची पुंजारामची हिंमत झाली नाही.

कौशल्या माणिकबाईची सून. तिची पोरगी छबी दहा महिन्यांची होऊन दसऱ्याच्या सुमारास गेली. त्याआधी कामाचा खाडा करून कौशल्या तिला गोवराच्या लसीसाठी घेऊन गेली होती. नर्सबाईने परत पाठवलं. एका बाटलीत पाच लेकरांची लस असते, एकीसाठी कशी फोडू, पुढल्या खेपेला या. पुढली खेप यायच्या आतच छबीला ताप भरला, डोळे लाल झाले, कानामागून पुरळ अंगभर उतरलं. "आई आली," म्हणत माणिकबाईनेच दाराला कडुलिंब बांधला आणि दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. पोरीची छाती भात्यासारखी उडायला लागली, तेव्हा कुठे अकोल्याला नेलं. तिथला डॉक्टर चिडून म्हणाला, "आजी, ही देवी नाही. खोकल्यातून पसरणारा रोग आहे. गोवर फुप्फुसात उतरलाय. लस टोचली असती तर बहुतेक ही वेळच आली नसती."

गेलेल्या पोरीला मांडीवर घेऊन माणिकबाई ऑटोतून परतली. घरी येऊन तिने तो कडुलिंब ओढून काढला आणि पायाखाली तुडवला. तेव्हापासून तिच्या डोक्यात जाळ होता. नर्सबाईवर, देवीवर, सगळ्यात जास्त स्वतःवर. आता वस्तीत पुन्हा दोन पोरांना ताप आणि पुरळ होतं.

घरोघरची लेकरं काखेत मारून बाया उपकेंद्रात घुसल्या, तेव्हा नर्सबाई, अमरीन सिस्टर, लसीचा डबा आवरत होती.

"मावशी, वेळ संपली. अन् एकदम इतक्या जणी..."

"त्या दिवशी एकच पोर होतं म्हून नाई म्हणली. आज लय हायेत म्हून नाई म्हणतं काय?" माणिकबाई म्हणाली.

अमरीनने कौशल्येला ओळखलं. तिचा चेहरा उतरला. "मले वरून बोलणी बसतात, मावशी. लस वाया गेली का माह्यावरच ओरडतात."

"अन् आमची पोरगी वाया गेली, तं आमी कोनावर ओरडाचं? सांग ना!"

 अमरीनने खाली मान घालून डबा पुन्हा उघडला, बाटली फोडली.

"रांग लावा," ती म्हणाली. "अन् ज्याच्या घरी अंगावर पुरळ हाय, त्यानं लपवू नका. पोराले दवाखान्यात न्या. मी येतो संग."

बाहेर सर कोसळली. पुंजारामचा कापूस भिजत असणार. कोणी खिडकीकडे पाहिलं नाही. एकेक दंड पुढे येत होता, एकेक लेकरू किंचाळत होतं, आणि माणिकबाई दारात उभी राहून एकाही बाईला मधूनच सटकू देत नव्हती.

रांग सरत आली. सुई भरता भरता, वर न पाहताच अमरीनने हात पुढे केला.

"आना, पोर आना."

समोर कौशल्या होती. दोन्ही हात रिकामे.

"माह्यं नाई," ती म्हणाली. "मी अशीच उभी हाओ."

अमरीनचा हात तसाच राहिला. कौशल्येने शेजारच्या दामिनीचं रडून लाल झालेलं लेकरू घेतलं, खांद्याशी धरलं आणि टोचलेल्या दंडावर फुंकर घालत राहिली.