बारकीची हुडी

लाँड्रीत त्यांना सगळे डागतर म्हणायचे. जुनी माणसं डॉक्टरला डागतर म्हणत, आणि हे डाग काढणारे, म्हणून कुणीतरी थट्टेत ठेवलेलं नाव. ते एकोणतीस वर्षांपूर्वी चिकटलं ते चिकटलंच. कपडा नाकाशी धरून ते सांगायचे की डाग चहाचा आहे की कॉफीचा, कालचा आहे की गेल्या महिन्यातला. मालक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचे, "डागतरांना दाखवल्याशिवाय कशालाही गरम पाणी लावायचं नाही."

त्यांना दोन मुली. मोठी लग्न होऊन लांब गेली होती. धाकटीला घरात बारकीच म्हणत, बावीस वर्षांची झाली तरी. ही बारकी गेल्या हिवाळ्यापासून हळूहळू मिटत गेली. आधी कॉलेज सुटलं, मग मैत्रिणी, मग जेवण. एका रविवारी भर दुपारी डागतरांनी बाथरूमची कडी तोडून तिला बाहेर काढलं. वेळेवर काढलं, एवढंच. त्या दुपारचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बारकी हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर, मनाच्या आजारांच्या वॉर्डात होती.

तिथून तिने एकच वस्तू मागितली. तिची राखाडी हुडी. पुढे चेन, मागे टोपी, आतून मऊ लव. डागतर घेऊन गेले, तर दारावरच्या सिस्टरने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"काका, टोपीला नाडी चालत नाही इथे. आणि चेन धातूची आहे, प्लॅस्टिकची लावून आणा."

"नाडी का नको?" डागतरांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. त्यांनी तिथेच काउंटरवर नाडीच्या टोकाची गाठ सोडली आणि ओढायला लागले. टोपीतून ती निघतच राहिली. एवढीशी टोपी आणि एवढी लांब नाडी, असं त्यांच्या मनात आलं.

चेन लाँड्रीतल्या रफूवालीने बदलून दिली. दात जुळताहेत की नाही ते तिने दोनदा वरखाली करून पाहिलं आणि हुडी त्यांच्या हातात ठेवली.

मग दर शनिवारचं ठरूनच गेलं. चार वाजता भेटायची वेळ. बारकी खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची, डागतर समोर. बोलायला दोघांनाही कधीच फारसं जमलं नव्हतं. "जेवतेस का?" "हो." "झोप लागते?" "लागते." निघताना ती कपड्यांची पिशवी द्यायची आणि ते धुतलेल्या कपड्यांची द्यायचे. हुडी ते रविवारी परत आणून दारावर देत, कारण तिच्याशिवाय बारकीला चैन पडत नसे.

शनिवारी संध्याकाळी लाँड्री रिकामी झाली की कोपऱ्यातल्या मोरीत ते ती हाताने धुवायचे. मशीनला लावायचा प्रश्नच नव्हता. आधी खिसे चाचपायचे. मग चेन गळ्यापर्यंत बंद करायची, नाहीतर तिचे दात आतली लव ओरबाडतात. मग हुडी उलटी करून गार पाण्यात, साबण वेगळा विरघळवून. ब्रश नाही, पिळणं नाही. जाड टॉवेलात गुंडाळून हाताच्या पंजांनी दाबत दाबत पाणी काढायचं आणि जाळीवर आडवी पसरायची. खांद्यांवर टांगली तर ओल्या टोपीच्या वजनाने गळा लोंबतो. वाळली की चेनवर मेणबत्ती फिरवायची, म्हणजे रनर अडत नाही.

मुलीच्या तोंडून जे कळत नसे ते त्यांना हुडीवरून कळे. डाव्या बाहीचं टोक चघळून चघळून भुसभुशीत झालं होतं. टोपीच्या आत केस गळत होते, पूर्वीपेक्षा जास्त. एकदा छातीवर सुपाचा ओघळ दिसला तर त्यांना बरंच वाटलं; निदान खाते आहे.

पहिल्याच धुण्यात उजव्या खिशाच्या शिवणीत पांढरट भुकटी दिसली होती. दुसऱ्यांदा तशीच, तिसऱ्यांदा जरा जास्त. साबण नीट विरघळला नाही म्हणून त्यांनी स्वतःलाच शिव्या घातल्या आणि खिसा वाहत्या पाण्याखाली धरला.

चौथ्या शनिवारी खिशात कागदी रुमालाची घडी निघाली. त्यांनी ती उघडली. आत पाच गोळ्या होत्या. कोरड्या, आख्ख्या, कडेला जराशा विरलेल्या, तोंडात घेऊन परत काढल्यासारख्या.

डागतर तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसले. साबण नव्हता तो. एकोणतीस वर्षं लोकांचे डाग ओळखणाऱ्या माणसाने आपल्या पोरीच्या खिशातली भुकटी तीन आठवडे स्वतःच्या हाताने धुऊन टाकली होती. बाथरूमची ती कडी त्यांच्या डोळ्यांसमोर आली. पोरगी गोळ्या साठवते आहे. पाचच्या पन्नास व्हायला किती दिवस लागतात?

त्यांनी घरी सांगितलं नाही. तसेच ओल्या बाह्यांनी हॉस्पिटलला गेले आणि रुमालाची घडी सिस्टरच्या हातात दिली.

"बरं केलंत काका," सिस्टर म्हणाली. "अगदी बरं केलंत."

पुढच्या शनिवारी बारकी भेटीच्या खोलीत आली ती उभीच राहिली. हुडी अंगात नव्हती.

"तुम्ही सांगितलंत?"

"बारके, अगं..."

"रोज तोंड उघडून दाखवायला लावतात. जीभ वर करा म्हणतात. बोट घालून बघतात."

"तू त्या साठवत होतीस. मी काय करायला हवं होतं?"

"साठवत कुठे होते?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर डागतरांना सोसलं असतं. "त्या घेतल्या की मला काहीच वाटत नाही, बाबा. वाईट नाही, बरं नाही, काहीच नाही. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले होईल सवय. संडासातसुद्धा बाई दाराशी उभी असते, टाकणार कुठे? म्हणून तुमच्याकडे देत होते."

"माझ्याकडे?"

"तुम्ही खिसे बघितल्याशिवाय काही पाण्यात टाकत नाही. लहानपणापासून बघते आहे मी. तीन आठवडे चुरून दिल्या, तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मग आख्ख्याच ठेवल्या. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. वाटलं, एक तरी माणूस माझ्या बाजूचं आहे."

डागतरांना म्हणायचं होतं की मला साबण वाटला. पण ते इतकं खुळ्यासारखं होतं की जिभेवरच राहिलं. आणि कळलं असतं तर? तर पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं, हेही तितकंच खरं होतं. तिची बाजू त्यांनी घेतलेलीच नव्हती. ती तिला उगाच दिसली होती.

ती वळून आत गेली. भेटीतली पंचावन्न मिनिटं उरली होती. ती संपेपर्यंत ते बसून राहिले.

त्यानंतरचे तीन शनिवार ती भेटायला आली नाही. पिशवी सिस्टर आणून द्यायची. हुडी त्यांनी घातलेल्या घडीतच परत यायची, टोपी मागे दुमडलेली, बाह्या आत. नाकाशी धरली तर नुसत्या साबणाचा वास. तरी ते ती धुवायचे.

"न वापरलेलं कशाला धुता?" एका संध्याकाळी ती घरीच तसराळ्यात भिजवलेली पाहून बारकीची आई म्हणाली. ती वॉर्डात एकदाच गेली होती आणि जिन्यावर चक्कर येऊन पडली होती. "अहो, मी काय विचारते आहे?"

"आठवडाभर पडून होती तिथे."

"तिला काय झालंय ते सांगत नाही तुम्ही मला. कपडे तेवढे धूत बसता." ती भिंतीला टेकून खाली बसली. "मी आई आहे तिची. मला कुणी काहीच सांगत नाही."

काय सांगणार? पोरीने त्यांच्यावर भरवसा ठेवला, तो त्यांना ठाऊकच नव्हता, आणि ठाऊक नसलेला भरवसा त्यांनी मोडला. हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यांनी हुडी टॉवेलात गुंडाळली आणि दाबत राहिले.

चौथ्या शनिवारी सिस्टरने पिशवी देताना सांगितलं की बारकीला आतल्या वॉर्डात हलवलं आहे. जेवण सोडलं होतं तिने. तिथे घरचे कपडे चालत नाहीत आणि सहा आठवडे भेट नाही. "औषध बदललंय, इंजेक्शन आहे आता. लपवालपवीचा प्रश्नच नाही. काळजी करू नका."

ते सहा आठवडे डागतर कामावर गेले, कपडे हुंगले, डाग काढले. एकदा एका साहेबाचा रेशमी शर्ट त्यांनी गरम पाण्यात घातला. मालकांनी शर्टाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले, आणि ते त्यांना शिवी दिल्यापेक्षा जास्त लागलं.

सातव्या आठवड्यात बारकी पुन्हा बाहेरच्या वॉर्डात आली. डागतर चारच्या आधीच जाऊन बसले. सिस्टर तिला दंडाला धरून घेऊन आली. चेहरा भरला होता, पावलं सावकाश पडत होती. ती खुर्चीवर नीट बसली, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून.

"जेवतेस का?"

"हो."

"हुडी आणली आहे बघ."

सिस्टर म्हणाली, "घाल की, बाबांनी आणली आहे." तिने घातली. चेन लावायला लागली, पण पोटापाशी दोन्ही बाजू जुळेनात. डागतर पुढे झाले, गुडघ्यावर बसले, तिला श्वास आत घे म्हणाले. तिने घेतला. तरी दोन बोटांची फट राहिली.

"राहू दे," बारकी म्हणाली. तिने एकदा बाहीवरून हात फिरवला, गिऱ्हाइकं काउंटरवर फिरवतात तसा. "छान धुतली आहे. थँक्यू."

रागाची एक रेघ तरी दिसेल म्हणून त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, अगदी शांतपणे.

घरी आले तेव्हा बारकीची आई दारातच उभी होती. "भेटली? बोलली का काही?"

"बोलली."

"काय म्हणाली?"

"थँक्यू म्हणाली."

"म्हणजे सुधारते आहे!" तिने पदराने डोळे पुसले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच ती हसत होती. "मी म्हणत नव्हते? सुधारते आहे पोर. हात धुऊन घ्या, मी पान वाढते."

डागतरांनी हात धुतले आणि पानावर जाऊन बसले.