बावीस सेकंदांची धार

शिरवळच्या कारखान्यात त्या दिवशी बाळांच्या औषधाच्या ड्रॉपरवर मापाच्या रेघा छापल्या जात होत्या. रेघ फुगली तर औषधाचं माप चुकणार. लॉट तपासायला औषध कंपनीच्या सोनिया मॅडम दुपारी यायच्या होत्या. लॉट नापास झाला तर जयराज घाडगेची नोकरी पक्की होणार नव्हती. कडेगावचा हा फौजेतला निवृत्त हवालदार छपाईचा सुपरवायझर म्हणून सहा महिन्यांच्या चाचणीवर होता आणि शेवटचा आठवडा चालू होता.

पॅड छपाईत मऊ रबरी पॅड प्लेटवर कोरलेल्या रेघांतली शाई उचलतो आणि ड्रॉपरवर टेकवतो. शाई घट्ट झाली तर रेघ तुटते, पातळ झाली तर पसरते. म्हणून दर तासाला छोट्या कपात शाई भरायची, तळाच्या भोकावरचं बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. बावीस हवेत. पंचवीसच्या वर गेले की शाई घट्ट झाली समजून ती पातळ करायला थिनर घालायचं.

अकराच्या मोजणीत एकोणतीस आले. जयराजनं थिनरची बाटली उचलली.

"थांबा की साहेब," गुणमाला म्हणाली. समडोळीची गुणमाला अकरा वर्षं याच मशीनवर होती. "शाई घट्ट न्हाई झाली."

"मग घड्याळ खोटं बोलतंय व्हय?"

"घड्याळ खरं हाय. धार वाकडी पडत हुती."

"मला न्हाई दिसली."

"तुमी घड्याळाकडं बगत हुता. फौजेत धार बगायला शिकवत न्हाईत वाटतं."

मागं पॅकिंगवाल्या बायका हसल्या. जयराज हसला नाही. पण बाटली त्यानं खाली ठेवली.

गुणमालानं कप धुतला आणि उजेडाकडे धरून भोकातून टाचणी फिरवली. वाळलेल्या शाईची मोहरीच्या सालीएवढी कपची बाहेर आली. मग पातेल्यावर बारीक जाळीचं कापड बांधून तिनं सगळी शाई गाळली.

"आमच्या जैनांत पानी गाळल्याबिगर पीत न्हाईत," ती म्हणाली. "हात आपसूक तिकडं जातो."

कप पुन्हा भरला. या वेळी घड्याळ तिच्याकडे देऊन जयराज गुडघ्यावर बसला आणि धारेच्या पातळीवर डोळे आणले. बोट निघालं. काळी धार काचेच्या कांडीसारखी स्थिर उभी राहिली. ती वाहते आहे हे खालच्या भांड्यात वळणाऱ्या घड्यांवरूनच कळत होतं. मग ती केसाएवढी झाली, थरथरली आणि तुटली.

"बावीस."

दुसऱ्यांदा बावीस. तिसऱ्यांदाही बावीस. सात सेकंदांचा फरक त्या एवढ्याशा कपचीनं पाडला होता आणि या बाईनं तो नुसत्या डोळ्यांनी हेरला होता. जयराजनं उठून नोंदवही ओढली.

नोंदवहीत त्यानं एकोणतीसचा आकडा खोडला नाही. शेजारी लिहिलं: कपाचं भोक अडलं होतं, थिनर घातलं नाही. खाली सही केली.

दुपारी सोनिया मॅडमचं बोट नेमकं त्या ओळीवर थांबलं. "ही अकरा वाजताची मोजणी. त्याआधीचे आणि नंतरचे ड्रॉपर दाखवा."

दोन्ही ट्रे आले. भिंगाखाली त्या एकेक रेघ पाहत राहिल्या. जयराज हात मागे बांधून उभा होता.

"फरक नाही," शेवटी त्या म्हणाल्या आणि लॉटवर हिरवी चिठ्ठी लावली. "कपाचं भोक अडलंय हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला न्हाई कळलं, मॅडम. गुणमालाबाईंना कळलं," जयराज म्हणाला. "मी अजून शिकतोय."