जेवणानंतरच्या गोळ्या

ओकरान मावशीने गोळी पाण्याशिवायच गिळली आणि भिंतीकडे तोंड करून रबरी पोशाख चढवायला घेतला. उजवा पाय आत गेला. डावा तिला दोन्ही हातांनी उचलून घालावा लागला.

"मावशे, पोटात काही आहे का?" मी हळूच विचारलं.

"आहे ना. गोळी आहे."

"पाकिटावर 'जेवणानंतर' लिहिलंय."

"लिहिणाऱ्याला म्हणावं, ये इकडे, पोटभर जेव आणि समुद्रात उलटा हो. खाल्लेलं नाकातून येतं की नाही बघ!"

शेकोटीभोवतीच्या बायका हसल्या. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. जेजू बेटावर आम्ही बुडी मारून शंख-गोगलगायी काढणाऱ्या बायका कामाच्या दिवशी सकाळी काही खात नाही. डोकं खाली, पाय वर, असं शंभर वेळा करायचं तर पोट रिकामंच हवं. डोकेदुखीची पूड तर आमच्यात चहासारखी घेतात, त्यामुळे मावशीच्या गोळीचं कोणाला नवल वाटलं नाही. ही गोळी कमरेची होती, हे फक्त मला ठाऊक होतं. कारण तिला शहरातल्या डॉक्टरकडे माझ्याच गाडीतून नेलं होतं.

कमरेत शीर दबली होती. कळ कुल्ल्यातून निघून पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत जायची. सूज उतरायला डॉक्टरने दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या, जेवणानंतर घ्यायच्या आणि विश्रांती घ्यायची. मावशीने त्यातल्या गोळ्या तेवढ्या लक्षात ठेवल्या. दोन आठवड्यांचे तीन महिने झाले. डॉक्टरच्या संपल्यावर ती औषधाच्या दुकानातून तसल्याच आणायला लागली, आणि थंडी पडली तशी एकीच्या दोन झाल्या.

"बोललीस कुठे तर जीभ कापीन," तिने मला बजावलं होतं.

त्याला कारण होतं. आमच्या गावात किनाऱ्यालगत कंबरभर पाण्याचा एक पट्टा राखून ठेवलेला आहे. त्याला आजीबाईंचा समुद्र म्हणतात. खोल जाता येत नाही अशा म्हाताऱ्यांनीच तिथे काढायचं, इतरांनी हात लावायचा नाही. पद्धत चांगली आहे. पण ओकरान मावशी चौऱ्याहत्तराव्या वर्षीही पहिल्या फळीतली होती. पंधरा मीटर खाली जाणारी. कमरेचं कळलं असतं तर आमच्या म्होरक्या जोंगसुकताईंनी तिला दुसऱ्या दिवशी तिकडे बसवलं असतं.

"तिथे काय काढायचं? शेवाळ? त्यापेक्षा मी घरी बसून वाटाणे सोलीन," मावशी म्हणायची.

जमिनीवर ती वाकडी चालायची, पण पाण्यात उतरली की पोरीसारखी. पाण्यात वजन लागत नाही आणि उरलेली कळ गोळी दाबायची. मलाही वाटायचं, चाललंय तर चालू दे. खोटं कशाला बोलू, मीही त्यात सामील होते.

फेब्रुवारीत एकदा ती म्हणाली, "मीहे, चार दिवस झाले, शौचाला डांबरासारखं काळं होतंय गं."

"काय खातेस?"

"हिजिकी घातलेला भात. दुसरं काय असतं या दिवसांत?"

"मग त्याचंच. समुद्रातला पाला काळा, म्हणून तेही काळं."

दोघींचंही समाधान झालं. इथे जन्म काढलेल्या बायका आम्ही, आम्हाला दुसरं काय सुचणार?

तिसऱ्या दिवशी समुद्र शांत होता. वर आलं की आम्ही शीळ घातल्यासारखा श्वास सोडतो. प्रत्येकीची शीळ वेगळी, न बघता कळते. मी जाळीत शंख टाकत होते, तेव्हा लक्षात आलं की मावशीची शीळ बराच वेळ ऐकू आलेली नाही. वळून पाहिलं तर ती वर होती, पण जाळी बांधलेल्या आपल्या तरंगत्या भोपळ्याला मिठी मारून. चेहरा चुन्यासारखा.

"काही नाही... जरा गरगरलं," म्हणाली, आणि तिचे हात सुटले. मी आणि जोंगसुकताईंनी तिला ओढत काठावर आणलं.

इस्पितळात कळलं, पोटात जखम झाली होती आणि रक्त आतल्या आत झिरपत होतं. ते काळं त्याचंच होतं. निम्मं रक्त गेलेलं. डॉक्टर तरणा होता, जरा चिडलाच.

"आजी, या गोळ्या उपाशी पोटी घेत होता? तीन महिने?"

"मग काय करू? जेवून बुडी मारता येत नाही," मावशी म्हणाली. तिला खरंच चूक डॉक्टरचीच वाटत होती.

"या गोळ्या आता बंद. परत कधीच नाही."

"आणि कंबर?"

"कमरेसाठी दुसरे उपाय करू. पण खोल बुड्या नाहीत."

जोंगसुकताई सगळं ऐकत होत्या. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. त्या एवढंच म्हणाल्या, "मला सांगायचं होतंस, मीहे." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एप्रिलच्या शेवटी मावशी कामावर आली. आम्ही टेम्पोत चढत होतो, टोकाच्या खडकांकडे जायला. तिची नेहमीची जागा, चालकाच्या मागची, कोणी घेतली नव्हती. जोंगसुकताई टेम्पोची मागची फळी उघडी धरून उभ्या राहिल्या. मावशीने टेम्पोकडे पाहिलंसुद्धा नाही. भोपळा काखेत मारला आणि एकेक पायरी उतरत आजीबाईंच्या समुद्राकडे गेली.

"आज भात खाऊन आलेय!" खालून ओरडली. "दोन वाट्या! तुम्ही मरा उपाशी!"

दुपारी परतलो तेव्हा ती काठावर बसली होती. जाळीच्या तळाशी मूठभर शंख होते. आमच्यात ज्या बाईची जाळी हलकी असते, तिच्या जाळीत बाकीच्यांनी येता-जाता ओंजळभर टाकायचं असतं. त्याबद्दल बोलायचं नसतं. मी नवखी होते तेव्हा दोन वर्षं माझी जाळी मावशीच भरायची. त्या दिवशी एकेक बाई तिच्याजवळून गेली आणि काहीतरी टाकून गेली. मीही टाकलं. तिच्या तोंडाकडे बघवेना, इतकं वाईट वाटलं मला.

तिने जाळी पुढ्यात ओढली आणि शंख एकेक उलटसुलट करून पाहिले. त्यातला एक उचलून माझ्यासमोर धरला.

"हा कोणाचा?"

"माझा असेल."

"एवढासा काढतात का गं? किती वेळा सांगितलं, मुठीएवढा झाल्याशिवाय हात लावायचा नाही!"

तिने तो पाण्यात भिरकावला आणि जाळीचं तोंड घट्ट आवळलं. मग हात टेकून उठली, जाळी तिथेच ठेवून माझ्याकडे पाठ केली आणि थांबली. इतक्या वर्षांत तिने आपली जाळी कोणाला उचलू दिली नव्हती. मी जाळी उचलली आणि तिच्या मागून चालायला लागले.